छताखालचे आयुष्य आणि जानुशूल : 'ड' जीवनसत्त्वाचा प्रश्न वैद्याने कसा हाताळावा?

गुडघेदुखीचा रुग्ण ही आपल्या चिकित्सालयातील नित्याची बाब. पूर्वी हा रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा असे. आयुष्यभर शेतात, गिरणीत किंवा चुलीपुढे राबलेला, संधी झिजलेले, वय वातप्रकोपाचे. निदानास फारसा विलंब लागत नसे. अलीकडे मात्र पस्तिशी-चाळिशीतले रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत. कोणी बँकेत खिडकीमागे बसणारा, कोणी सराफाच्या पेढीमागील खोलीत दिव्याच्या उजेडात दागिने घडविणारा कारागीर, कोणी शिवणयंत्रावर दिवस घालविणारी भगिनी, तर कोणी रात्रपाळीत संगणकापुढे बसून दिवसा पडदे ओढून झोपणारा तरुण. या सर्वांचे व्यवसाय भिन्न, पण एक गोष्ट समान. सूर्य त्यांच्या दिनचर्येतून जवळजवळ हद्दपार झालेला आहे.

असा रुग्ण येतो तो बहुधा हाती रक्ततपासणीचा अहवाल घेऊनच. अहवालातील एका आकड्याभोवती तांबडी खूण असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, माझे 'डी' अकरा आले आहे. गुडघे त्यामुळेच दुखतात ना?"

या प्रश्नाचे 'होय' असे उत्तर सोपे आहे. 'नाही, हा संधिगतवात आहे' असे उत्तरही तितकेच सोपे आहे. दोन्ही उत्तरे काही रुग्णांच्या बाबतीत खरी असतात आणि दोन्ही काही रुग्णांचे नुकसान करतात. आमच्या हातून असे नुकसान एकदा झाले. त्याची प्रांजळ नोंद करूनच पुढील विवेचनाकडे वळणे आम्हास योग्य वाटते.

एक चुकलेले निदान

काही वर्षांपूर्वी शिवणकाम करणारी अडतीस वर्षांची एक भगिनी आमच्याकडे आली. कारखाना जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. सकाळी नवाला आत गेल्यावर बाहेर पडायचे ते दिवेलागणीस. दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, जमिनीवरून उठवत नाही, अशी तक्रार. संधी चाळविताना किंचित आवाज येत होता. आम्ही जानुसंधिगतवात असे निदान करून योगराज गुग्गुळ, स्थानिक अभ्यंग व जानुबस्ती अशी योजना केली. शेकाने दोन-तीन दिवस बरे वाटे, पुन्हा मूळपदावर. असे आठ महिने गेले.

एके दिवशी तपासणीच्या वेळी तिला खाली बसून उठण्यास सांगितले. ती दोन्ही हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवीत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उठली. चालताना कंबर दोन्ही बाजूंना डुलत होती. सहज नडगीवर अंगठ्याने दाब दिला तर ती कळवळली. "इथे तर गुडघ्यापेक्षा जास्त दुखतं, पण तुम्ही गुडघ्याचंच विचारत होता म्हणून बोलले नाही," असे ती म्हणाली. गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात संधीची झीज नगण्य होती. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज पुष्कळ वाढलेले, फॉस्फरस कमी आणि 'ड' जीवनसत्त्व एक अंकी. हा संधीचा रोग नव्हता. हे अस्थिमार्दव होते, ज्यास आधुनिक शास्त्र ऑस्टिओमलेशिया म्हणते. परिचित फिजिशियनच्या सहकार्याने 'ड' जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची पूर्ती केल्यावर काही महिन्यांतच ती हात न टेकता उठू लागली.

आमच्या औषधांनी तिला अपाय झाला नाही हे खरे. पण त्या आठ महिन्यांत तिने बसवत नाही म्हणून अर्ध्या दिवसाचे काम पत्करले आणि अर्धा पगार गमावला, हेही तितकेच खरे. दुखते स्थान रुग्णाने सांगितले आणि आम्ही तेवढेच पाहिले. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील स्पर्शन अपुरे राहिले. चूक शास्त्राची नव्हती, आमची होती.

सूर्य, त्वचा आणि अस्थी

'ड' जीवनसत्त्व हे अन्य जीवनसत्त्वांसारखे मुख्यतः अन्नातून मिळणारे द्रव्य नाही. त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचे एक पूर्वद्रव्य असते. सूर्यप्रकाशातील 'ब' गटातील अतिनील किरण, म्हणजे सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, त्यावर पडले की त्याचे रूपांतर होऊन शरीराच्या उष्णतेने 'ड-३' तयार होते. यकृतात त्यावर एक संस्कार होतो, वृक्कात दुसरा, आणि मगच त्याचे कार्यकारी रूप सिद्ध होते. हे रूप आंत्रातून कॅल्शियम व फॉस्फरस यांचे शोषण वाढविते. ते अपुरे पडल्यास परावटु ग्रंथीचा स्राव वाढतो, रक्तातील कॅल्शियम राखण्यासाठी अस्थींतून कॅल्शियम काढले जाते, आणि नव्याने घडणारा अस्थीचा साचा खनिजावाचून मऊ राहतो. बालकांत यालाच आपण मुडदूस म्हणतो. प्रौढांत ते अस्थिमार्दव.

सूर्यप्रकाशाशी असलेला हा संबंध जीवनसत्त्वाचा शोध लागण्यापूर्वीच काहींच्या ध्यानात आला होता. थिओबाल्ड पाम या वैद्यकीय मिशनऱ्याने १८९० मध्ये निरनिराळ्या देशांतील माहिती जमवून, जेथे ऊन मुबलक तेथे मुडदूस विरळ, असे दाखविले. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुडदूस झालेली बालके बरी केली. या विषयाचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. १९२२ मध्ये हचिसन व शहा यांनी त्या भागातील निरीक्षणे प्रसिद्ध केली. उघड्यावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत आहार निकृष्ट असूनही मुडदूस आढळला नाही. खाऊनपिऊन सुखी, परंतु पडदा पाळणाऱ्या घरांत मात्र तो आढळला. शंभर वर्षांपूर्वीचा पडदा कापडाचा होता, आजचा काचेचा व काँक्रीटचा आहे. खिडकीच्या साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण 'ब' गटातील अतिनील किरण जवळजवळ येतच नाहीत. म्हणून खिडकीशेजारी बसणारा कर्मचारीही या दृष्टीने अंधारातच असतो.

आकडे काय सांगतात?

उन्हाच्या देशात ही उणीव कशी, असा प्रश्न पूर्वी विचारला जाई. २००० मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील गोस्वामी व सहकाऱ्यांनी या समजुतीस धक्का दिला. त्यांनी तपासलेल्या गटांत उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी बरी होती. रुग्णालयाच्या आत काम करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांची मात्र अतिशय खालावलेली होती. २०११ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अभ्यासात २५ ते ३५ वयोगटातील अकराशेहून अधिक निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींत पातळी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आढळली. निरनिराळ्या देशांतील ७१ शोधनिबंधांचा आढावा कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये घेतला. त्यात पाळीत काम करणाऱ्यांपैकी ८० टक्के व छताखाली काम करणाऱ्यांपैकी ७८ टक्के जण उणीवग्रस्त होते. बाहेर काम करणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते.

या शेवटच्या आकड्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. बाहेर काम करणाऱ्यांतही जवळजवळ निम्मे उणीवग्रस्त असतील, तर 'कमी आकडा' ही गोष्टच इतकी सार्वत्रिक ठरते की ती कोणत्याही दुखण्याशेजारी सापडेल. गुडघा दुखणाऱ्यांत सापडेल, तशी कान दुखणाऱ्यांतही सापडेल. सहअस्तित्व म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. काकतालीय न्याय आपल्या शास्त्रकारांनी शिकविला तो अशाच प्रसंगांसाठी.

शिवाय 'कमी' कशास म्हणावे याविषयीही तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये २० नॅनोग्रॅम ही पातळी बहुतेक सर्वांच्या अस्थींस पुरेशी मानली व १२ च्या खाली खरा धोका सांगितला. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने २० च्या खाली उणीव आणि ३० पर्यंत अपुरेपणा अशी वर्गवारी केली, आणि प्रयोगशाळांच्या अहवालांवर तीच रूढ झाली. २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात मात्र त्याच सोसायटीने ३० या लक्ष्याचा पुरस्कार मागे घेतला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असे सुचविले. त्यामुळे २४ किंवा २६ हा आकडा पाहून घाबरलेल्या रुग्णास आधी धीर द्यावा. औषधाचा विचार नंतर.

गुडघ्याचे दुखणे 'ड' ने थांबते काय?

या प्रश्नावर आता पुरेसे पुरावे उपलब्ध आहेत. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीत १९९६ मध्ये, 'ड' कमी असलेल्यांत गुडघ्याची झीज अधिक वेगाने होते असे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. त्यानंतर प्रत्यक्ष औषध देऊन चाचण्या झाल्या. २०१३ मध्ये बोस्टन येथे १४६ रुग्णांवर दोन वर्षे केलेल्या चाचणीत वेदना व कूर्चेची झीज यांत फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियातील ४१३ रुग्ण तर मुद्दाम कमी पातळीचे निवडले होते. त्यांना दोन वर्षे दरमहा ५०,००० एकके दिली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तोच. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ४७४ रुग्णांच्या चाचणीतही लाभ दिसला नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील 'व्हायटल' या मोठ्या चाचणीतील दीर्घकालीन गुडघेदुखी असलेल्या १,३९८ व्यक्तींचा अहवाल आला. पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० एकके घेऊनही वेदना कमी झाल्या नाहीत.

याला एक अपवाद आपल्याच देशातला आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात २०१३ मध्ये १०७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, पातळी २० च्या खाली असलेल्या जानुसंधिवाताच्या रुग्णांना वर्षभरात वेदनेत थोडा परंतु निश्चित आराम मिळाला. चाचणी लहान होती. मात्र तिचे रुग्ण आपल्या रुग्णांच्या जवळचे होते. आमच्या मते या सर्वांचा मेळ असा घालता येतो : ज्याची उणीव तीव्र आहे त्याच्या वेदनेचा काही भाग अस्थींचा व दुर्बल स्नायूंचा असतो, आणि तेवढा भाग पूर्तीने कमी होतो. ज्याची कूर्चा झिजली आहे आणि उणीव किरकोळ आहे, त्याला पुडीने लाभ होण्याची अपेक्षा व्यर्थ आहे.

मग छताखाली काम करणाऱ्यांचे गुडघे दुखतात तरी कशाने? कारणे अनेक आणि परस्परांत गुंतलेली आहेत. दीर्घकाळ गुडघे दुमडून बसल्याने ऊरूच्या पुढील भागातील स्नायू क्षीण होतात व वाटीवरील भार वाढतो. जिना उतरताना किंवा बऱ्याच वेळाने खुर्चीतून उठताना होणारी वेदना बहुधा या प्रकारची असते. अचेष्टेने मेद वाढतो आणि तोही भारच. मेदस्वी व्यक्तीत 'ड' जीवनसत्त्व मेदात अडकून राहते व रक्तातील पातळी कमी दिसते. आणि ज्याचा गुडघा दुखतो तो घराबाहेर पडतच नाही, म्हणून त्याचे ऊन आणखी कमी होते. म्हणजे कमी पातळी हे कधी कारण, कधी परिणाम, तर कधी केवळ सहप्रवासी. याचा उलगडा अहवालातून होत नाही. तो रुग्णाच्या परीक्षणातूनच होतो.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने

अस्थी व वायू यांचा आश्रयाश्रयी संबंध वाग्भटाचार्यांनी सांगितला आहे. अन्य दोषधातूंच्या जोड्यांत एकाची वृद्धी ती दुसऱ्याची वृद्धी. येथे मात्र वायू वाढला की अस्थी क्षीण होते. चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत संधिगत वाताचे वर्णन करताना वायूने भरलेल्या पिशवीसारखा स्पर्श, शोथ आणि प्रसारण-आकुंचनाच्या वेळी वेदना ही लक्षणे दिली आहेत. अस्थिमार्दवाच्या रुग्णात हे चित्र दिसत नाही. तेथे वेदना संधीपेक्षा लांब अस्थींत असते, दाबल्यावर वाढते आणि बलहानी प्रधान असते. म्हणजे शास्त्रीय लक्षणे काटेकोरपणे पाहिली तरीही आमच्या त्या रुग्णेचे निदान चुकावयास नको होते.

तथापि 'अस्थिक्षय म्हणजेच ड जीवनसत्त्वाची उणीव' असे समीकरण मांडण्याचा मोह आवरला पाहिजे. धातुक्षय ही अग्नी, स्रोतस व दोष यांचा विचार करणारी व्यापक संकल्पना आहे. रक्तातील एका द्रव्याची पातळी हे मोजमाप आहे. दोन्हींना आपापल्या जागी मान द्यावा. एकाला दुसऱ्याचा पोशाख चढविला तर दोन्हींची हानी होते.

आतपसेवनाचा विचार मात्र आपल्या संहितांत प्रत्यक्ष आहे. चरकाचार्यांनी निरग्नी स्वेदांत आतपाची गणना केली, तशीच ती लंघनाच्या दहा प्रकारांतही केली. हेमंतात आतपसेवन विहित आहे. वाग्भटाचार्य त्यास 'युक्तीने' अशी जोड देतात, आणि ग्रीष्मात प्रखर ऊन वर्ज्य सांगतात. ऊन हे औषध आहे, त्यास काळ, मात्रा आणि पात्र यांचा विचार हवा, हा यातील बोध.

कोवळे ऊन की माध्यान्हीचे?

येथे एका रूढ समजुतीचा पुनर्विचार करणे भाग आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या 'सकाळचे कोवळे ऊन घ्या' असा सल्ला देत आलो. कोवळे ऊन सुखद आहे, थंडीत शेक देणारे आहे, तान्ह्या बाळास सोसणारे आहे. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणाच्या जाड थरातून तिरपे येतात आणि 'ब' गटातील अतिनील किरण वाटेतच शोषले जातात. तिरुपती येथे केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्वचेतील निर्मिती प्रामुख्याने सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत होते असे दिसले. रुग्णास समजेल अशी एक सोपी खूण आहे : स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन या कामाचे.

आमच्या रुग्णांस आम्ही असे सांगतो. दुपारच्या जेवणाच्या सुटीत, शक्य तेवढे हातपाय उघडे ठेवून, वीस-तीस मिनिटे इमारतीबाहेर चालावे. सावळ्या त्वचेस गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो, कारण त्वचेतील रंगद्रव्य हे किरण अडविते. त्वचा लाल होण्याइतके किंवा चक्कर येईपर्यंत कधीही थांबू नये. वैशाखात वेळ कमी करावा व डोके झाकावे. पावसाळ्यात आभाळ दाटलेले असताना फारशी अपेक्षा ठेवू नये. या चालण्याने 'ड' किती वाढेल हे व्यक्तिपरत्वे बदलेल. पण गुडघ्यास हालचाल मिळते, मांडीच्या स्नायूस काम मिळते, हा लाभ निश्चित आहे.

एक इशारा आपल्याच औषधांविषयी. श्वित्रासाठी बाकुची घेणाऱ्या किंवा लावणाऱ्या रुग्णांस हा सल्ला सरसकट देऊ नये. बाकुचीतील द्रव्ये त्वचेस प्रकाशाबाबत अतिसंवेदनशील करतात आणि माध्यान्हीच्या उन्हाने फोड उठू शकतात. ल्युपससारख्या रोगांतही आतप वर्ज्यच.

पुडी, गोळी आणि भस्म : औषधालयांसाठी

आता दुसऱ्या टोकाच्या चुकीकडे वळू. निवृत्त झालेले एक गृहस्थ मळमळ, मलावष्टंभ, वारंवार मूत्रप्रवृत्ती आणि अनावर तृष्णा घेऊन आमच्याकडे आले. मुलाने आणलेली साठ हजार एककांची पुडी आठवड्यातून एकदा घ्यावयाची होती. ती ते दूध पिताना रोज घेत होते. दीड महिना झाला होता. शिवाय कॅल्शियमची गोळी चालू होती, आणि गुडघ्यासाठी कोणीतरी दिलेले प्रवाळ व शंखभस्मही चालू होते. रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर गेलेले होते. त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठवावे लागले.

त्वचेची एक मौज अशी की उन्हाने 'ड' चा अतिरेक होत नाही. जास्तीचे पूर्वद्रव्य उन्हातच निष्क्रिय द्रव्यांत बदलते. पुडीला असा लगाम नाही. हे जीवनसत्त्व मेदात साठते, त्यामुळे अतिरेक झाल्यास औषध थांबविल्यावरही त्रास आठवडे-महिने टिकू शकतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सत्तरीपुढील २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एकके देण्यात आली. अस्थिभंग कमी होण्याऐवजी पडण्याचे व अस्थिभंगाचे प्रमाण वाढले. 'जास्त दिले तर अधिक गुण' हा हिशेब येथे चालत नाही. तुलनेसाठी, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची दैनंदिन गरज ६०० एकके आणि कमाल सुरक्षित मर्यादा ४,००० एकके आहे. तीव्र उणिवेत आठवड्यातून एक मोठी मात्रा काही आठवडे देण्याची पद्धत रूढ आहे. पण ती चिकित्सा आहे, आहार नव्हे, आणि तिला शेवट असला पाहिजे.

औषधालय चालविणाऱ्या बांधवांस म्हणून आमची काही नम्र विनंती आहे.

१) पुडी देताना 'आठवड्यातून एकदा' हे शब्द मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावे, शक्य तर वारही लिहावा. 'सोमवारी एक' हे कोणी विसरत नाही.

२) रुग्ण आणखी काय घेतो ते विचारावे. कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत 'ड-३' असतेच.

३) प्रवाळ, मौक्तिक, शंख, शुक्ती, कपर्दिका व कुक्कुटांडत्वक यांची भस्मे रासायनिकदृष्ट्या मुख्यत्वे कॅल्शियमयुक्त आहेत, हे आपणच रुग्णास व त्याच्या फिजिशियनला सांगितले पाहिजे, दुसरे कोणी सांगणार नाही. 'आयुर्वेदिक आहे, चालते' हे उत्तर येथे पुरेसे नाही.

४) मूतखडा, वृक्कविकार, थायाझाइड गटातील मूत्रल गोळ्या किंवा हृद्रोगासाठी डिगॉक्सिन चालू असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना ही औषधे देऊ नयेत.

५) केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत काही प्रकारच्या तपासण्यांचे आकडे चुकीचे, बहुधा खऱ्याहून अधिक येतात. तपासणीपूर्वी हे प्रयोगशाळेस कळवावे.

चिकित्सालयातील क्रम

वरील अनुभवानंतर आम्ही जानुशूलाच्या प्रत्येक रुग्णात पुढील क्रम पाळतो. प्रथम व्यवसाय, बसण्याची पद्धत, पाळी, पेहराव आणि उन्हात जाणारा वेळ यांची विचारणा. तसेच अपस्मार किंवा राजयक्ष्म्याची औषधे चालू आहेत काय हेही, कारण फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन व रिफाम्पिसिन यांनी 'ड' ची पातळी घटते. नंतर रुग्णास हात न टेकता खाली बसून उठण्यास सांगतो, चाल पाहतो आणि नडगी, बरगड्या व नितंबास्थी दाबून पाहतो. वेदना संधीपुरती असेल आणि बल चांगले असेल, तर 'ड' ची तपासणी आम्ही आग्रहाने करवीत नाही. अस्थिशूल, बलहानी किंवा डुलती चाल असेल, तर २५-हायड्रॉक्सी 'ड', कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज व वृक्काची तपासणी करवून फिजिशियनशी विचारविनिमय करतो. संधी तापलेली व लाल असेल, ज्वर असेल, गुडघा अडकत असेल किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असेल, तर रुग्णास विनाविलंब पुढे पाठवितो.

संधिगतवात निश्चित झाल्यास आपली चिकित्सा आहेच : स्नेहन, स्वेदन, बस्ती, अस्थिप्रदोषज विकारांत चरकाचार्यांनी सांगितलेली तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांची योजना, मेदस्वी रुग्णात आधी अपतर्पण. यांच्या जोडीला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम व वजनात घट यांचा आग्रह आम्ही धरतो, कारण जानुसंधिवातात या दोहोंचा लाभ वारंवार सिद्ध झालेला आहे. खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरणे एवढा साधा व्यायामही शिवणयंत्रावरील भगिनीस किंवा बँकेतील कर्मचाऱ्यास कामाच्या जागी करता येतो.

आहाराविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, नाचणीत दर १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून भाकरी, आंबील, सत्त्व यांचा आम्ही पुरस्कार करतो. पण नाचणीत किंवा साध्या दुधात 'ड' जीवनसत्त्व भरवशाचे नाही. ते बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत व अंड्याच्या बलकात असते. शाकाहारी कुटुंबांनी दुधाच्या वा तेलाच्या पिशवीवर निळे 'प्लस एफ' चिन्ह पाहावे. त्यात 'अ' व 'ड' जीवनसत्त्वे मिसळलेली असतात.

समारोप

अहवालातील अकरा हा आकडा म्हणजे रोग नव्हे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगाही नव्हे. तो रुग्णाच्या दिनचर्येविषयी काही सांगत असतो. गुडघ्याविषयी सांगतोच असे नाही. गुडघ्याविषयी सांगतात ते रुग्णाचे शब्द, त्याची चाल आणि वैद्याची बोटे. ज्याला पुडीची गरज आहे त्याला ती वेळेवर मिळावी, ज्याला नाही त्याच्या हाती ती पडू नये, आणि पुडी मिळो वा न मिळो, प्रत्येकाने दिवसातून एकदा तरी छताखालून बाहेर यावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

ती शिवणकाम करणारी भगिनी आजही वर्षातून एकदा येते. आता तिच्या कारखान्यातील बाया दुपारी डबा खायला एकत्र गच्चीवर जातात. ही व्यवस्था तिनेच सुरू केली. तिच्या चिकित्सेत आम्ही आठ महिने गमावले. तिने मात्र त्या आजारपणातून आपल्या दहा-बारा सोबतिणींसाठी ऊन मिळविले.